जिन्यातलं संत्रं

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय मावशी,

कोपरापासून नमस्कार. मी बरी आहे, तूही बरी असशील असं धरून चालते. गुडघ्यांचं काय? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय हे तू मला फोनवर कौतुकाने सांगितलंस, पण तेव्हा तू खुर्चीत बसून होतीस हे आवाजावरून कळत होतं.

इकडे सगळं नेहमीसारखं. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसते, जेवायच्या वेळी कागद उचलून फ्रिजवर ठेवते आणि नंतर ते तिथेच विसरते. बुधवारी शाळेच्या ग्रंथालयात जाऊन आठवीच्या मुलांना नवं प्रकरण वाचून दाखवते. माझी पद्धत तुला ठाऊक आहेच. ज्या ओळीला पोरं खुर्च्या सरकवायला लागतात, त्या ओळीवर पेन्सिलीने फुली. काल शेवटच्या प्रकरणावर सतरा फुल्या पडल्या. एवढ्या फुल्या मला गणितातसुद्धा कधी मिळाल्या नव्हत्या.

त्याआधी शुक्रवारी संपादकबाईंचा फोन आला होता. "सगळं छान झालंय हो, शेवट तेवढा बघा," म्हणाल्या. शेवटाला काय झालं म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमच्या सहाही पुस्तकांत पोर घर सोडून निघते, कुणाच्या तरी दारात उभी राहते आणि शेवटच्या पानावर दार उघडतं. हे सातवं. वाचणाऱ्या मुलांना आता दार दिसलं की पुढचं कळतं." मी विचारलं, "मग उघडू नको का?" तर म्हणाल्या, "उघडा की. पण ते का उघडतं, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?" मी हो म्हटलं आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतंच.

मुद्द्यावर येते. म्हणजे यायचं आहे, पण कुठून यावं ते समजत नाही.

या पुस्तकातल्या भिंगरीची अकरा पत्रं तुला गेली आणि तुझी अकरा उत्तरं आली. पहिलं पुस्तक अडलं होतं तेव्हा मीच ही टूम काढली, त्याला आता पंधरा वर्षं होतील. पुस्तकातल्या मुलीच्या नावाने मी तुला पत्र लिहायचं आणि तू तिची मावशी होऊन उत्तर द्यायचंस, म्हणजे मला तिचा आवाज सापडतो. खाली तुझी सही "तुझी उसनी मावशी". संपादकबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की इतर लेखक नुसता चहा पिऊन भागवतात.

तुझं अकरावं उत्तर सोमवारी आलं. भिंगरीने लिहिलं होतं की मी तुझ्याकडे यायला निघतेय, तू घरी नसलीस तर जिन्यात बसून राहीन. त्यावर तू लिहिलंस, "खुशाल बस. संत्रं खाल्लंस तर सालं दप्तरात कोंबू नकोस, वह्यांना वास लागतो तो महिनाभर जात नाही. तिथेच ठेव, मी उचलीन."

मी हसले. किती बाई बारीक लक्ष हिचं, असं वाटून पत्र टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलंसुद्धा. मग भांडी घासताना हात थांबला. भिंगरीजवळ संत्रं नाहीये. तिच्याजवळ बिस्किटांचा एक पुडा आहे आणि तो ती तिसऱ्या प्रकरणातच संपवते. पत्र टाकण्याआधी मी त्याची झेरॉक्स काढून ठेवते. त्या अकराही जमिनीवर पसरल्या आणि दोनदा वाचल्या. हस्तलिखितही चाळलं. संत्रं कुठेच नाही.

संत्रं माझ्याजवळ होतं.

पुढचं तुला बरंचसं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला क्रम लागत नाही. चौदाव्या वर्षी मी पहिली गोष्ट लिहिली आणि पहिल्याच पानावर नायिकेची आई मारून टाकली. दुष्टपणा नव्हता गं त्यात. आई जिवंत असली की ती पोरीला एकटीला जंगलात जाऊ देत नाही, आणि मला तिला जंगलात न्यायचं होतं. आईने ती वही वाचली. "माझ्या मरणाची एवढी घाई?" असं एकदाच म्हणाली आणि नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण बोलायची नाही. दहाव्या दिवशी शाळेला म्हणून निघाले आणि दप्तर घेऊन तुझ्याकडे आले. तू घरी नव्हतीस.

एवढंच मी घरी सांगितलं. मावशी घरी नव्हती, लगेच परत फिरले. तूही नंतर तेच म्हणालीस, की त्या दिवशी तू कामाला होतीस त्या चष्म्यांच्या दुकानात गर्दी होती, यायला संध्याकाळ झाली. लगेच फिरले नव्हते, हे मी कुणाला सांगितलं नाही. जिन्यात बसले, दप्तरातलं संत्रं खाल्लं आणि जिना घाण नको म्हणून सालं दप्तरात भरली. भूगोलाच्या वहीला खरंच महिनाभर वास येत होता.

मग तुला हे कसं कळलं? शेजारच्या कुणी पाहिलं असेल. मीच कधी तापात बडबडले असेन. किंवा तू सहज लिहिलंस, पोरं जिन्यात बसून संत्री खातात, त्यात काय मोठंसं. चार दिवस मी हेच उलटसुलट करतेय. शिवाय माझ्या आठवणीचा भरवसा नाही. तुझं दार मला हिरवं आठवतं, पण हिरवं दार तिसऱ्या पुस्तकात आहे. बेल आठवते, पण चौथ्या पुस्तकात मुलगी कडी वाजवते, आणि आता माझ्या हातालाही कडी आठवायला लागली आहे. इतक्यांदा लिहिलं की खरं काय घडलं ते सहा पुस्तकांच्या खाली कुठेतरी दबून गेलंय.

मी काही विचारत नाहीये हं. नुसता गोंधळ कळवतेय. एवढंच सांग, तुझ्या दाराला बाहेरचं बघायचं भिंग तेव्हाही होतं का? पुस्तकासाठी हवंय.

तुझी (या वेळी भिंगरी नव्हे, मीच)
ठकी


१५ फेब्रुवारी, शनिवार

ठके,

अनेक आशीर्वाद. गुडघे आहेत तिथेच आहेत.

भिंग होतं. तीस वर्षं लोकांना "आता नीट दिसतंय का?" विचारण्यात गेली, माझ्याच दाराला भिंग नसेल होय? दार हिरवं नव्हतं, तपकिरी. आजही तेच आहे. तू बेल वाजवलीस, कडी नाही. दोनदा.

मी आत होते.

हे एक वाक्य लिहायला मला आठवडा लागला. आता बाकीचं भराभर लिहून टाकते. त्या सकाळी मी दुकानात जायला निघालेच होते, तेवढ्यात तुझ्या आईचा फोन आला. शाळेतून तिला निरोप गेला होता. म्हणाली, "कार्टी तुझ्याकडेच येणार. तू तिला घरात घेतलंस तर तिच्या वहीत मी मेले तशी तुलाही मेले समज." मी म्हटलं, "ताई, पोरीने गोष्ट लिहिलीय, खून नाही केला." तिने फोन आपटला.

अर्ध्या तासाने बेल वाजली. भिंगातून तू दिसलीस, एका खांद्यावर दप्तर, वेणी सुटलेली. मी कडीवर हात ठेवला. दुसरी बेल झाली तेव्हाही हात कडीवरच होता. मनाशी म्हटलं, तिसऱ्यांदा वाजली की उघडायचं, मग ताई गेली उडत. तिसऱ्यांदा तू वाजवलीच नाहीस. तू पायरीवर बसलीस.

आता तू म्हणशील, दोन बेला कमी होत्या का? नव्हत्या. मला दोन्ही चांगल्या ऐकू आल्या होत्या.

तू बसलीस तशी मीही आत फरशीवर बसले. मधूनमधून उठून बघायचे. तू संत्रं सोललंस, फोडींवरचा पांढरा धागासुद्धा निगुतीने काढलास, तुझ्या आईला नसलेली चिकाटी. मग सालं गोळा करून दप्तरात घातलीस. माझा जिना घाण होऊ नये एवढी समज असलेल्या पोरीला मी बाहेर बसवलं होतं. त्या सालांना मी जेवढी रडले तेवढी पुढे ताई गेली तेव्हाही रडले नाही. तू उठून गेलीस तेव्हा कडी काढली आणि धावत खालपर्यंत आले. तू कोपऱ्यावरून वळत होतीस. हाक मारता आली असती.

का उघडलं नाही, ते मला आजही कळलेलं नाही. ताईला घाबरले म्हणावं, तर मी तिला आयुष्यात घाबरले नव्हते. ती तुटेल असं वाटलं म्हणावं, तर तिच्या रागाचं आयुष्य मला ठाऊक होतं, फार तर पंधरवड्याचं. गिऱ्हाइकाला एकामागून एक काचा लावून बघतात तशी मी सव्वीस वर्षं कारणं लावून पाहिली. एकानेही नीट दिसत नाही.

मग तुझ्या पहिल्या पुस्तकातल्या त्या मुलीचं पत्र आलं. "मावशी, मी घरातून निघाले आहे, तू आहेस ना?" ते वाचून मला वाटलं, ही तिसरी बेल. म्हणून लगेच उत्तर लिहिलं, आणि मग प्रत्येकीला लिहीत गेले. तुझ्या पोरींना मी कधी एक दिवससुद्धा ताटकळत ठेवलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

ताईला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. संत्र्याचं माझ्या हातून चुकून लिहिलं गेलं की मी ते मुद्दाम लिहिलं, हे खरंच मला सांगता येणार नाही. पत्र पेटीत टाकल्यावर मात्र बरं वाटलं होतं.

पुस्तकाच्या शेवटाचं मला विचारू नकोस. मला माझाच जमलेला नाही.

तुझी
मावशी


२७ फेब्रुवारी, गुरुवार

मावशी,

पत्र पोचून आठ दिवस झाले. मी उत्तर लिहिलं नाही असं नाही, चार लिहिली आणि चारही फाडली. त्यातल्या एकात मी तुला खूप बोलले होते. ते तू वाचायला हवं होतंस असं मला अजून वाटतं.

राग आला आहे. किती, ते कळत नाही. भाजी चिरता चिरता एकदम येतो. मग तू फरशीवर बसलेली दिसतेस, दाराला पाठ लावून, कामावर जायच्या साडीत, आणि राग कुठे ठेवला होता तेच सापडत नाही. मी चाळीस वर्षांची आहे. जिन्यात चौदा वर्षांची मुलगी बसली आहे. यांपैकी नक्की कोण रागावलंय, तेही धड सांगता येत नाही. गेल्या पंधरा वर्षांत तू माझ्या सगळ्या मुलींना घरात घेतलंस आणि मला वाटत राहिलं की दारं मीच उघडतेय.

आणि खरं सांगू? मी तिसऱ्यांदा का वाजवली नाही, ते मलाही माहीत नाही. तू आत आहेस असं तेव्हा वाटलं होतं की हे तुझं पत्र वाचल्यावर वाटतंय, याचा मी खूप विचार केला. काही हाती लागलं नाही.

शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. दार उघडत नाही. भिंगरी जिन्यात बसते आणि पुढची चार पानं मी आतून लिहिली आहेत, कडीवर हात ठेवलेल्या बाईच्या बाजूने. त्या बाजूला मी आजवर कधी गेलेच नव्हते. फार अवघड जागा आहे गं ती.

काल आठवीच्या वर्गात वाचलं. एकाही खुर्चीचा आवाज नाही, एक फुली नाही. संपल्यावर मागची एक चष्मेवाली मुलगी चिडून उभी राहिली. म्हणाली, "पण ती आत आहे ना? मग उघडत का नाही?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलंय मी. पण तिलाही माहीत नाहीये."

"भिंगरीने अजून एकदा वाजवायची होती," एक मुलगा म्हणाला. त्यावर ती त्याच्याच अंगावर गेली. "तिने का वाजवायची? मोठी कोण आहे?" पाऊण तास वर्ग भांडत होता. तुझ्या बाजूने सगळे मिळून पाच होते. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. संपादकबाईंनीही वाचलं. त्यांना हा शेवट आहे की मध्य ते कळत नाहीये. मी त्यांना सांगितलं की मलाही कळत नाहीये, आणि या वेळी दुधाचं निमित्त केलं नाही.

भिंगरीचं बारावं पत्र येणार नाही. तिला जे विचारायचं होतं ते विचारून झालं.

नऊ तारखेला, रविवारी येते. सकाळी अकराच्या सुमाराला पोचेन. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, तूही ठरवू नकोस. बेल एकदाच वाजवणार आहे. संत्री मी आणते.

सालं तू उचलायचीस.

तुझी
ठकी