बाबाची जागा मोकळी ठेवून

प्रिय हंसाताई,

परवा तू फोन बाबाच्या तोंडासमोर धरलास आणि त्याने भिंतीकडे मान फिरवली, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाय. पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, लकवा उतरतोय, जीभही वळेल, पण खटपट त्याची त्यानेच केली पाहिजे. आणि तो तर ओठच उघडत नाय. आपण सगळे "बोल बाबा, बोल" करत मागे लागतो, त्याची त्याला लाज वाटत असेल. जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवलेला माणूस तो.

इकडे गुजरातेत मुंद्र्याला मी बरा हाय. दिवसभर पाइप क्रेनला बांधायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळे आडवे होतात, मला पडवत नाय. तुला माहीतच हाय, माझं बूड एका जागी टिकत नाय. म्हणून फोनमधलं जुनं उघडून बसलो. बोईसरला कंपनीत होतो तेव्हा तिथल्या मनीषने रोजचं लिहून ठेवायचं अ‍ॅप घालून दिलेलं. पाचवीत शाळा सोडलेली, मला कुठं टाइप करता येतंय. पण आपण बोलायचं आणि फोन लिहून घेतो. संध्याकाळी पडवीत बसून मी बोलायचो, बाबा बाजूला खाटेवर.

वाचता वाचता दिसलं, फोनने बाबालाही लिहून घेतलंय. माझं वाक्य, "आज बस चुकली." लगेच पुढं, "बस नाही चुकली, तू उशिरा उठलास." मी म्हणतो, "लावणी संपली." पुढं, "संपली कुठे, खालचा तुकडा काय तुझा सासरा लावणार?" एकदा तारापूरहून बोंबील आणले आणि ताजे म्हणालो, तर "तुझं तोंड बघून कोळणीने कालचे दिले." फोनने त्याचं बोलणं गुरुजींसारखं करून टाकलंय, हाय-नाय सगळं पुसून. तरी वाचताना बाबाच समोर बसलेला.

तेव्हा याचाच वैताग यायचा. बाबा एक वाक्य सुखाने पुरं करू देत नाय, म्हणून लांब जातो, असं मी तुलाच बोललो होतो. इथं मी काहीही बोललो तरी कोण चूक काढत नाय. मुंद्र्याला आल्यापासून फोनने लिहिलेलं सगळं नुसतं माझंच हाय. ते दोन दिवसांच्या पुढं मला वाचता आलं नाय.

तर हे पत्र एवढ्यासाठी. फोन बघितला की तो तोंड फिरवतो, म्हणून हाताने लिहिलंय. मागच्या पानावर माझी जुनी वाक्यं हायत, बाबाची जागा मोकळी सोडलीय. दुपारी त्याच्या खाटेजवळ तांदूळ निवडत बस आणि स्वतःशीच वाचल्यासारखं मोठ्याने वाच. एक वाक्य झालं की थांब. त्याच्याकडे बघू नको, बोल म्हणू नको, खडे वेचत राहा. शेवटचं वाक्य जुनं नाय, मी आत्ता मुद्दाम घातलंय: "आपला मोऱ्या बैल कामाला आळशी होता." मोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय बाबा जेवायला बसायचा नाय. हे त्याला सहन व्हायचं नाय. तिथं जास्त वेळ थांब. चिडला तर चिडू दे. मला शिव्या घातल्या तरी चालतील, नुसतं "नाय" एवढं आलं तरी पुरे.

तुझाच,
मेहुल