शेवटच्या पानावरचे साक्षीदार

बाबा,

तुम्ही गेल्याला आठ वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, आणि आज शनिवारी सकाळी, रेडिएटरवर तुमच्या नातीचे मोजे वाळत घातलेले असताना, ब्रॅकनेलच्या या घरात डायनिंग टेबलाशी बसून लिहितो आहे. फार उत्साहाने बसलोय असं समजू नका. आठवडाभर बेसिंगस्टोकच्या ऑफिसला गाडी हाकून मान आखडली आहे, आणि मंगळवारपासून तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याची एक ईमेल न उत्तरलेली पडून आहे. तुमच्याच कॉलेजात आता तो इंग्रजी शिकवतो. तुमचा बावीस वर्षं चाललेला आणि विद्यापीठात कधीच न दिलेला प्रबंध तो छापून घेतोय. त्याला माझ्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवंय, सोमवारपर्यंत.

प्रबंध म्हटलं की मला आपलं स्वयंपाकघरच आठवतं, कारण तुमची अभ्यासाची खोली म्हणजे तेच. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून झेरॉक्सचे कागद मांडीवर घेतले आहेत आणि कानावर लाल पेन्सिल आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या बाजारात विकायला यायच्या त्या आठ-आठ पानी चोपड्या. कुठे मेलेला माणूस परत आला, कुठे ठकाने पाद्र्याला गंडवलं, असल्या गोष्टी. स्टाफरूममध्ये तुमच्या कामाला 'भुतांची पीएचडी' म्हणायचे आणि तुम्हीही हसायचात. भुतांशी तुम्हाला देणंघेणं नव्हतं. ऐकणाऱ्याला पटावं म्हणून सांगणारा कुठले शब्द वापरतो, एवढंच तुम्हाला हवं असायचं.

शिडीची गोष्ट तुमची सर्वांत आवडती. एका खेड्यातला गवंडी नदीत बुडून मरतो. तीन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी ओल्या कपड्यांनी घरात येतो, बायकोला म्हणतो, शेजाऱ्याची शिडी आपल्याकडे राहिली आहे, तेवढी देऊन टाक, आणि निघून जातो. गोष्ट एवढीच. उरलेली सगळी पानं ती खरी कशी हे सांगण्यात गेलेली. बाई घाबरट नव्हती. खुद्द पाद्र्यानेही आधी विश्वास ठेवला नव्हता. फरशी संध्याकाळपर्यंत ओली होती. आणि ज्याला शंका असेल त्याने त्या गावी जावं, लोहाराच्या शेजारचं घर विचारावं. तुम्ही कडेला लाल पेन्सिलीने खुणा करायचात. साक्षीदार आला की 'सा', सांगणाऱ्याला गैरसोयीची गोष्ट आली की 'अ' म्हणजे अडचण, आणि 'जाऊन विचारा' असं आलं की 'जा'.

"यात तुला काय खरं वाटलं?" तुम्ही आईला विचारलंत.

"ओली फरशी," आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "मेला तरी पाय न पुसता आत आला. आणि ती पुसली कोणी असेल, ते काही कुणी लिहिलेलं नसणार."

तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "सगळ्यात पक्कं काय सांगू? 'जा'. जाऊन बघा म्हणणाऱ्याला ठाऊक असतं, कोणी जात नाही."

आठवीत मी शिकवणी बुडवून मॅच खेळायला गेलो आणि घरी येऊन थाप मारली, ती आठवते? तुम्ही हात उगारला नाहीत. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "गोष्ट कच्ची आहे. वेळेवर गेलास, सरांनी शाबासकी दिली, वेळेवर आलास. सगळं तुझ्याच सोयीचं. खऱ्या गोष्टीत काहीतरी अडतं रे." मला त्या वेळी मार परवडला असता. पण धडा मात्र मनात घट्ट बसला, आणि तुम्हाला जसा बसायला हवा होता तसा बसला नाही.

मी इकडे आलो तेव्हा तुम्ही एकच काम सांगितलंत. ना स्वेटर, ना घड्याळ. शिडीच्या गोष्टीच्या तुमच्या झेरॉक्सला शेवटचं पान नव्हतं. साक्षीदारांची नावं अखेरीस दिली आहेत असं आधीच्या पानावर म्हटलेलं, आणि तेच पान गायब. लंडनच्या मोठ्या ग्रंथालयात मूळ चोपडी होती. "तिथे खरंच नावं आहेत का, की नुसतंच म्हटलंय, एवढं बघून ये. त्यावर माझं शेवटचं प्रकरण अडलंय," असं तुम्ही म्हणालात. आयुष्यभर इंग्लंडातल्या खेड्यांच्या, नद्यांच्या, पाद्र्यांच्या गोष्टी शिकवणाऱ्या तुम्ही इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं. मी तिथून ट्रेनने तासाभरावर राहत होतो.

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारायचात आणि मी पुढच्या शनिवारचा वायदा करायचो. माझं काम काय, हेही एकदा विचारलंत. मी सांगितलं, कंपनीला कंत्राट मिळावं म्हणून प्रपोजल लिहितो, आधीच्या खूश क्लायंटची पत्रं जोडतो. "म्हणजे साक्षीदार गोळा करतोस," तुम्ही म्हणालात, आणि फोनच्या त्या टोकाला तुमचं ते हसू. असे सात महिने गेले. शेवटी तुम्ही विचारणंच सोडलंत, आणि ते मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं. मग मी तुम्हाला पत्र लिहिलं.

किती छान पत्र होतं ते, बाबा. पहिल्या खेपेला पत्त्याचा पुरावा नव्हता म्हणून मला परत पाठवलं, काउन्सिल टॅक्सचं बिल घेऊन पुन्हा गेलो. आत पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिलनेच लिहावं लागतं. (हे मला मेडनहेडच्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं, त्याची बायको तिथे जायची.) शेवटच्या पानावर सात नावं आहेत, त्यातलं एक नंतर शाईने खोडलेलं आहे, का ते कळत नाही. ते खोडलेलं नाव सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो. आणि अखेरीस लिहिलं, खोटं वाटत असेल तर इकडे या, मी स्वतः नेऊन दाखवतो.

पत्र पोचल्यावर तुमचा फोन आला. "छान लिहिलंयस," म्हणालात. आवाजात आनंद होता, निदान मला तो ऐकू आला. पानाबद्दल पुढे काहीच विचारलं नाहीत. मीही विषय वाढवला नाही. सुटलो, असं वाटलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईने तुमचे कागद ट्रंकेत भरून कॉलेजला देऊन टाकले. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर ती ट्रंक घरातून गेली याचं मला बरंच वाटलं.

आता मंगळवारची गोष्ट. ईमेल वाचून मी त्याला फोन केला.

"दादा, थोडी गफलत वाटतेय," तो म्हणाला. "सरांनी तुमचं पत्र जपून ठेवलंय. सात नावांचा उल्लेख आहे त्यात. पण प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात सर स्वच्छ लिहितात की हे पान मला मिळू शकलं नाही, तेव्हा त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. प्रकरणाखाली तारीख आहे, ती तुमच्या पत्रानंतरची. सर विसरले असतील का हो? तुमच्या पत्राच्या आधाराने मी ते वाक्य बदलू का? सरांचं काम पूर्ण होईल."

मी म्हटलं, पत्र स्कॅन करून पाठव. पाठवलं त्याने. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सँडविच हातात घेऊन मी ते उघडलं. पत्रावर लाल पेन्सिल होती. काउन्सिल टॅक्सच्या बिलापाशी 'अ'. पेन्सिलीच्या नियमापाशी 'अ'. सात नावांपाशी 'सा'. खोडलेल्या नावाखाली दोन रेघा आणि 'अ'. आणि अगदी खाली, इकडे या, मी नेऊन दाखवतो, त्याच्या कडेला, तुमच्या त्याच तिरक्या अक्षरात, 'जा'.

बाबा, बाकीच्या खुणा मी सहन केल्या असत्या. ती पकडला गेल्याची शरम होती, आठवीतल्यासारखी. पण त्या 'जा'ने मला पार मोडलं. तुम्हाला इकडे बोलावलेलं ते माझं एकमेव वाक्य होतं. ते सांगणाऱ्याने पटवण्यासाठी घातलेलं आहे, हे तुम्ही ओळखलंत. तसंच होतं ते. तिकीट काढायचं माझ्या मनातही नव्हतं. हे ठाऊक असून तुम्ही फोनवर मला छान म्हणालात, आणि आईजवळसुद्धा कधी बोलला नाहीत.

मघाशी तुमची नात येऊन खांद्यावरून वाकून गेली. दहा वर्षांची आहे आता.

"बाबा, तू कोणाला लिहितोय?"

"आजोबांना."

"इंडियातले आजोबा? बट ही इज डेड, ना? मग पोस्ट कुठे करणार?"

"नाही करणार."

"देन व्हॉट्स द पॉइंट?" म्हणाली आणि मोजे उचलून गेली.

तुमच्या विद्यार्थ्याला आत्ताच दोन ओळी पाठवल्या. सरांचं वाक्य आहे तसंच राहू दे, ते बरोबर आहे, पान त्यांना मिळालं नव्हतं. माझं पत्र पुस्तकात घेऊ नकोस. त्याने कारण विचारलं तर तेही सांगेन, असं आता तरी ठरवलंय. ते पान बघायला मी अजून गेलेलो नाही. आज जाईन म्हणून सकाळी काउन्सिल टॅक्सचं बिल शोधून टेबलावर काढून ठेवलं होतं, ते इथे या कागदाखालीच आहे, आणि आता दीड वाजलाय.

आणि एक राहिलं. ज्या शनिवारी मी ग्रंथालयात गेल्याचं तुम्हाला लिहिलं, त्या शनिवारी नक्की काय अडलं होतं, हे मी मंगळवारपासून आठवून बघतोय. तुम्हाला सांगण्याजोगं काहीतरी सापडावं, असं फार वाटत होतं. ट्रेन चालू होत्या. अंगात ताप नव्हता. घरी कोणी येणार नव्हतं. काहीच अडलं नव्हतं, बाबा. मी सोफ्यावर पडून टीव्ही बघत होतो.