तुझ्या नातीच्या सालची वाईन

आई,

तुझ्या नातीचा साखरपुडा झाला. गेल्या रविवारी, इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. मुलगा फ्रेंच आहे. हॅनोव्हरला शिकायला असताना दोघांची ओळख झाली. ती यंत्रं शिकत होती, तो माती. बर्गंडीत त्याच्या घरचे द्राक्षमळे आहेत आणि पणजोबांच्या आधीपासून ते लोक लाल वाईन करतात. हे तुला सांगताना मला हसू येतंय, कारण मिरजेला आपल्या गल्लीतले टवाळ लोक तुला 'दारूवाल्या वैद्यबाई' म्हणायचे. तू रागवायची नाहीस. "द्राक्षासव आहे ते. जेवणानंतर दोन चमचे. बाटली मागणाऱ्याला मी चमचासुद्धा देत नाही," एवढंच म्हणायचीस. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. तू ओट्याशी उभी आहेस, मनुका निवडते आहेस, पातेल्यात गूळ विरघळतोय, धायटीची फुलं सुपात पसरली आहेत. मग बरणीच्या तोंडाला फडकं आणि माती लिंपून ती कोपऱ्यातल्या तुसात पुरायची, आणि काही दिवसांनी तिला कान लावायचा. "ऐक, बोलतंय आत," तू म्हणतेस. मी ऐकते. आत खरंच कोणीतरी कुजबुजत असतं.

मागच्या शरद ऋतूत आम्ही पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. मी मनातून घाबरलेच होते. फ्रान्समधला वाईनचा मळा म्हटल्यावर मला राजवाडा दिसत होता. प्रत्यक्षात दगडी घर, अंगणात चिखलाचे बूट, ट्रॅक्टर, आणि माझी होणारी विहीण हातभर जांभळी झालेली. तिने तोच हात पुढे केला. जेवणाच्या टेबलावर सगळं अवघडच गेलं. त्यांना जर्मन जेमतेम, आम्हाला फ्रेंच शून्य. मुलगा आणि आपली बाई, म्हणजे तुझी नात, भाषांतर करून करून दमले. जेवण झाल्यावर आम्हाला तळघर दाखवायला नेलं. भिंतींवर काळी बुरशी, गार ओला वास, आणि ओळीने लाकडी पिंपं. विहीण काहीतरी समजावत पुढे चालली होती. मी एका पिंपापाशी थांबले आणि काही न विचारता त्याला कान लावला. आत तीच कुजबुज! विहीणबाई मागे वळून बघतच राहिल्या. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" तुझी नात माझ्याऐवजी बोलली, की माझी आजी औषधासाठी असंच करायची. तिने तुला पाहिलेलं नाही, तरी तुझ्याबद्दल बोलताना ती इथल्या जर्मन आजीसारखं 'ओमा' म्हणते, जसं काही तू खालच्या मजल्यावर राहतेस. विहिणीने शेजारच्या पिंपाला कान लावला, आणि आम्ही दोघी तिथे उभ्या, एकमेकींकडे बघत.

तर गेल्या रविवारी विहीण-व्याही लेकाला घेऊन आले. एवढा लांबचा प्रवास विहिणीने मांडीवर एक बाटली उभी धरून केला होता. आडवी केली किंवा हिंदकळली तर तळाचा गाळ वर येतो म्हणे. "आपल्याकडे साखरपुड्याला पेढे आणतात," आमचे हे माझ्या कानात पुटपुटले. मी म्हटलं, "अहो, गप्प बसा." त्यांच्या घरची रीत आहे, नव्या सुनेच्या जन्मसालची वाईन साखरपुड्याला फोडायची. व्याह्यांनी बाटली टेबलावर ठेवली, घसा खाकरला, आणि जरा ओशाळून म्हणाले की ते साल वाईट होतं. वेचणीच्या आधी पाऊस लागला, द्राक्षं वेलीवरच सडली. ही वाईन अजून जिवंत आहे की नाही, त्यांनाही माहीत नाही.

सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. त्यांना व्याह्यांचं बोलणं कुणीतरी मराठीत सांगितलं, आणि त्या पटकन बोलून गेल्या, "अगंबाई, म्हणजे पोरीचं सालच खोटं!" पाहुण्यांना कळलं नाही, पण आपल्या बाईला कळलं. तिचा चेहरा उतरला. मला एकदम तू आठवलीस. मी सहाएक वर्षांची असेन. बाबांची नोकरी गेली त्या वर्षी जन्मले म्हणून आत्या मला सगळ्यांदेखत पांढऱ्या पायाची म्हणाली होती. तू हातातली पळी खाली न ठेवता म्हणालीस, "वन्सं, तिचे पाय रोज मी धुते. पांढरे असते तर मला दिसले असते." मला तुझ्यासारखं चटकन सुचत नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, त्या वर्षी माझी आई गेली आणि दोन महिन्यांनी ही आली. ते साल खोटं की खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही."

विहिणीने लेकाला विचारलं, काय झालं? आपल्या बाईनेच सांगून टाकलं, आधी सासूबाईंचं बोलणं, मग माझं. विहीण उठली, तिच्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "त्या वर्षी शेजाऱ्यांनी सगळा माल टाकून दिला. माझ्या सासूने ऐकलं नाही. आम्ही दोघी कात्री घेऊन बसलो, एकेका घडातले सडके मणी कापून टाकले आणि उरलेल्यातून एकच पिंप भरलं." "चांगल्या साली वाईन आपली आपण होते," ती म्हणाली, "त्या साली आम्ही केली."

मग बाटली फोडायला घेतली तर बुचाचा भुगा झाला. व्याही घामाघूम. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना चहाची गाळणी दे की!" मी भीत भीत दिली, व्याह्यांनी गाळणीचा मुकाच घेतला. पेल्यात उतरली ती विटकरी रंगाची, पातळशी, आणि वास मात्र सगळ्या खोलीभर: ओली पानं, सुकी फळं, कुठेतरी लवंग. व्याह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि टेबलावर थाप मारली. जिवंत होती! सासूबाईंनी आधी वास घेतला, मग बोट बुडवून चाखलं. "हे तर तुझ्या आईच्या औषधासारखं लागतंय," त्या म्हणाल्या आणि आमटीची वाटी पुढे केली. वाटी रिकामी झाल्यावर नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "चांगलं होतं गं तुझं साल." "गेनाऊ, आजी, अगदी बरोबर," ती म्हणाली आणि रडता रडता हसली. मग साखरेचा पुडा दिला, मी विहिणीची ओटी भरली. नारळ पदरात घ्यायचा तर तिला पदर नव्हता. तिने स्वेटर पुढे धरला. निघताना तिने सासूबाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. सासूबाई दिवसभर गाल पुसत होत्या, पण हसत होत्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर एक सांगून टाकते. माझं हसं होईल म्हणून घरात कोणाला बोलले नाहीये. मी फोनवर फ्रेंच शिकते आहे, रोज ऑफिसला जाताना, एस-बानच्या लोकलमध्ये, तोंडातल्या तोंडात. 'माझी आई वैद्य आहे,' एवढं मला नीट म्हणता येतं. भूतकाळाचा धडा पुढे आहे. तिथे पोचायची मी घाई करत नाही.