साइटवर ‘बंद’ म्हणायचं नाही

आप्पा, आज सकाळी मी आपल्या माणसांसमोर उभी राहून एक वाक्य बोलले आणि ते माझ्यावरच उलटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या तुमच्या फोटोची फ्रेमसुद्धा आता निवृत्तीला आलीय. तरी तक्रार तुमच्याकडेच करावी लागते, कारण वाक्य उलटलं ते तुमच्या कायद्यानं.

वाक्य साधं होतं. मार्चनंतर ऑफिस बंद. बेंगळुरूची एक मोठी कंपनी आपली चालू कामं घेतेय, आपली पोरं घेतेय, मलाही एक खुर्ची देतेय, फिरणारी. आपल्या जुन्या फिटरला, टाकीमामांना, तेवढं घेत नाही. त्यांच्या वयाच्या माणसासाठी तिथं रकानाच नाही म्हणे. कंपनीचा माणूस आला होता, बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. त्यानं भिंतीवर चित्रं पाडून दाखवली. एका चित्रात ‘समाजाशी बांधिलकी’ होती, म्हणजे एका शाळेच्या दारात दहा-बारा माणसं एक भलामोठा पुठ्ठ्याचा चेक धरून उभी, आणि कोपऱ्यात एक मुलगी, जिला त्या चेकमागनं काही दिसत नव्हतं. मी विचारलं, शाळेत केलं काय? तो म्हणाला, ‘मॅडम, ते पुढच्या स्लाइडमध्ये आहे.’ पुढच्या स्लाइडमध्ये त्यांचा बॅनर होता. शाळेपेक्षा मोठा.

तरीही मी हो म्हणायचं ठरवलं होतं, आप्पा. रागावू नका, आधी ऐका. मी थकलेय. आपला धंदा काय, हे मला अजून कुणाला एका दमात सांगता येत नाही. इमारतीत पाणी वर चढवायचं, घाण खाली न्यायची, वीज फिरवायची, वारा खेळवायचा, आग लागली तर विझवायची सोय करून ठेवायची, आणि हे सगळं भिंतीच्या पोटात असं पुरायचं की वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्याला फक्त टाइल्स दिसाव्यात. तुम्ही म्हणायचात, आर्किटेक्ट इमारतीचं तोंड करतो, आपण पोट करतो; तोंडाचं कौतुक होतं आणि पोटाची आठवण दुखल्यावर होते. तुमच्या वेळी निदान पोटाला जागा तरी ठेवायचे. आता पाइपांच्या डक्टला जागा सोडा म्हटलं की तिथं देवघर काढतात. मग मी देवाच्या पाठीमागनं सांडपाण्याचा पाइप नेते. देव काही बोलत नाही, त्या घरच्या सासूबाई बोलतात. आणि प्रत्येक घरमालकानं पंप, फिल्टर, सोलर सगळं मोबाइलवर बघून ठेवलेलं असतं. मी फक्त भोकं पाडायला येते अशी त्याची समजूत. गुडघे वाजतात. जिने तेवढेच आहेत.

तुमच्याकडं मी आले तेव्हा जिन्यांचं काही वाटत नव्हतं. निपाणीहून बसनं बेळगावला यायची, पॉलिटेक्निकात तुम्ही शिकवायचात, आणि तुम्ही नोकरी सोडून हे ऑफिस काढलंत तेव्हा डिप्लोमाचा निकाल हातात घेऊन मी पायरीवर उभी. आमची आई तंबाखूच्या वखारीत कामाला. माझ्या दप्तराला, डब्याला, मला, सगळ्याला तो वास. वर्गातल्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या, काही वासामुळं, काही आडनावामुळं. तुम्ही आडनाव विचारलंच नाही. विचारलंत ते एवढंच, ‘शिडीवर चढायला भितेस का गं?’ मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, ‘मग आत ये. पायरीवर काय, मुहूर्त बघतेस?’

आणि मग तो मंगल कार्यालयाचा दिवस. तुम्ही तो गोष्टीसारखा सगळ्यांना सांगायचात आणि दर वेळी मला थोडं जास्त भिजवायचात, म्हणून खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवते. खालच्या हॉलमध्ये मी, डोक्यावर टाकीकडून येणारा पाइप, आणि त्याचा एक सांधा ठिबकतोय. वायसर बदलायचा तर वर टाकीपाशी व्हॉल्व्ह बंद पाहिजे. वर गच्चीवर नवा फिटर, गोकाकच्या बाजूचा, मराठीचा त्याला तेव्हा गंध नाही. त्याला तुम्ही सांगून ठेवलेलं, पंपाचं पाणी टाकीत आलं की ओरड. मी खालनं ओरडून विचारलं, ‘बंद?’ वरनं लगेच उत्तर आलं, ‘बंदैत्री! बंदैत्री!’ मी निर्धास्त पान्हा लावला. आता कन्नडात बंद म्हणजे आलं, हे मला काय ठाऊक नव्हतं? निपाणीची पोरगी मी, बाजारात ऐकतच वाढलेली. पण कानाला जे हवं असतं तेच ऐकू येतं. तो बिचारा सांगत होता, पाणी आलंय हो, पाणी आलंय. ते खरंच आलं. भरल्या टाकीचं सगळं पाणी माझ्या डोक्यावर आलं, आणि माझ्या शेजारी मान वर करून ‘ठिबकतंय व्हय गं अजून?’ असं विचारणाऱ्या मालकांच्या कडक इस्त्रीच्या धोतरावर आलं.

तुम्ही आम्हाला साइटवरनं तडक घेऊन निघालात. ऑफिसात आम्हा दोघांना समोर बसवलंत, ओल्या कपड्यांनिशी.

‘तू काय विचारलंस?’

‘बंद.’

‘आणि नीवु एन हेळिद्री? तुम्ही काय सांगितलंत?’

‘बंद,’ तो म्हणाला.

‘छान. दोघंही खरं बोललात. आता मालकांचं धोतर कोण वाळवणार?’ मी हसले, आणि मग तुमचा आवाज चढला. तसा पुन्हा कधी चढला नाही. ‘हसतेस काय? टाकीभर पाणी डोक्यावर घेऊन उभी होतीस आणि एका शब्दावर भरवसा ठेवलास? वर जाऊन हँडल बघायला पाय मोडले होते? उद्या पाण्याच्या जागी वीज असली म्हणजे?’

त्या दिवसापासून कायदा झाला. साइटवर ‘बंद’ म्हणायचं नाही. व्हॉल्व्हचं हँडल पाइपाला आडवं असलं की पाणी अडतं, सरळ असलं की वाहतं. मराठीत आडवं, कन्नडात अड्ड. दोन्हीकडच्या कानाला एकच कळतं. म्हणून आपल्याकडं सगळ्याला ‘अड्ड’. व्हॉल्व्ह अड्ड, स्विच अड्ड, दुपारी शटर अड्ड. मी भटजी न बोलावता बुद्धवंदनेनं लग्न केलं, तिथंसुद्धा आपल्या पोरांनी माइकवाल्याला ‘अड्ड कर रं ते’ म्हणून सांगितलं होतं आणि तो माइक आडवा करून बसला. वरचा फिटर त्या दिवसापासून टाकीमामा झाला. मराठी शिकला, माझ्यापेक्षा बरं, कारण त्यात शिव्या जास्त.

‘बंद’ हा शब्द तुम्ही फक्त बंदच्या दिवशी वापरायचात. आपल्या भागात बंद काय कमी? कधी ह्या भाषेचे लोक पुकारतात, कधी त्या भाषेचे; ह्यांच्या बंदला त्यांची बस येत नाही, त्यांच्या बंदला ह्यांची. पाटीवर कुठलं अक्षर केवढं, यावरनं दगड. तुम्ही शटर अर्धं वर ठेवून चहा टाकायचात आणि गल्लीतला जो वाकून आत येईल त्याला म्हणायचात, ‘बंद आहे ना आज? मग बरोबर. बंद म्हणजे आलं. या, बसा.’ त्या अर्ध्या शटरखालनं वाकून आत आलेली दोन्हीकडची माणसं मी बघितलीत. कपाळ आपटायचं सगळ्यांचं, त्यात भेदभाव नव्हता.

आणि गावकाम. पावसाळ्यात बांधकामं थंडावली की एक काम गावासाठी, पाटी न लावता. गुंजीच्या शाळेतली मुतारी, कणकुंबीकडं रानातल्या एका वाडीचं झऱ्याचं पाणी, कडोलीच्या साहित्य संमेलनाच्या मांडवातली वायरिंग. त्या मांडवात तुम्ही कवींपेक्षा फ्यूजकडं जास्त लक्ष देऊन बसला होतात, आणि म्हणालात, दोन्ही उडण्याचा संभव आहे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात तुम्ही विचारलंत, ‘तुमच्या गल्लीत काय पाहिजे?’ मला लाज वाटली. मी काही नको म्हटलं. तुम्ही माझं न ऐकता माझ्या आईला विचारायला निपाणीला आलात.

ती समाजमंदिरातली स्वयंपाकाची खोली मला अजून तशीच दिसते. जयंतीचं जेवण असलं की बायका तिथं धुरात डोळे पुसत भाकऱ्या थापायच्या. आई तुम्हाला म्हणाली, ‘सायेब, आमच्या पोटात दिवसभर तंबाकूची धूळ. निदान जेवण करताना तरी धूर नगं. हेचं काय तरी करा.’ तुम्ही वर बघितलंत, खिडक्या बघितल्यात आणि म्हणालात, वारा कुठनं येतो आणि कुठं जातो ते आधी बघायला पाहिजे, उदबत्ती आहे का? आईनं कनवटीची बिडी काढली. ‘उदबत्ती कशाला? ही वडा. धूर कुठं जातोय ते दिसंल.’

तुम्ही जन्मात बिडी ओढलेली नव्हती. पहिल्या झुरक्याला जो ठसका लागला, तो धूर छताला गेला नाही, खिडकीला गेला नाही, तुमच्या नाकातच राहिला. बायका भाकऱ्या टाकून हसायला लागल्या. आई म्हणाली, ‘आप्पा, तुमचंच धुराडं तुंबलंय की वो! आधी तेचं बघा.’ सायेबाचे आप्पा तुम्ही तिथं झालात. मग एकेका कोपऱ्यात बिडी धरून तुम्ही धुराचा माग काढलात, आणि आठवड्यात पत्र्याचं धुराडं आणि पंखा बसला. त्या वर्षी जयंतीला आई चुलीपुढं डोळे कोरडे ठेवून बसली होती. मला म्हणाली, ‘तुझ्या नोकरीचा आज उपेग झाला बघ.’ पगाराचं तिनं कधी असं म्हटलं नव्हतं.

तुम्ही गेलात, मग तीही गेली. तुमच्या मुलानं परदेशातनं फोनवर ‘ताई, तुम्हीच बघा’ म्हटलं आणि मी बघत राहिले. गावकाम चालू ठेवलं. तेवढं एकच मला थकवत नाही. पण गावकामानं पुढचे महिने निघत नाहीत, आणि वर्षाचे बाकीचे दिवस मला पुरून उरतात. म्हणून ठरवलं. म्हणून आज सकाळी सगळ्यांना चहाला बसवलं आणि तुमच्या फोटोकडं न बघता म्हटलं,

‘हे बघा, मार्चनंतर ऑफिस बंद.’

टाकीमामांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, आणि दाराकडं मान वळवून अगदी गंभीरपणे विचारलं, ‘यार बंदार्री?’ कोण आलंय?

एक पोरगं फसकन हसलं. मी म्हटलं, ‘मामा, चेष्टा नको. तुम्हाला कळलंय मी काय म्हणतेय ते.’

‘न्हाय बा. मला काय कळलं न्हाय.’ मिशीतसुद्धा हसू नव्हतं. ‘ह्या हापिसात त्यो शब्द बोलायचा न्हाय. आप्पांचा कायदा हाय. त्या शब्दापायी एकदा तुमी भिजलासा, मालक भिजलं, मी बी शिव्या खाल्लो. बाई, ज्ये काय असंल त्ये नीट सांगा. आमी ऐकताव.’

नीट सांगायला एकच शब्द होता. तो माझ्या तोंडातनं निघेना. सगळे माझ्याकडं बघत राहिले, आणि मी मामांकडं, ज्यांना त्या कंपनीत रकाना नाही. शेवटी मामाच उठले. ‘निपाणीस्नं फोन आलता. समाजमंदिरातला पंखा खडखडतोय म्हणं. बेरिंग गेलं असंल. जाऊन येतो.’ बाकीचेही आपापल्या कामाला गेले, जणू मी पावसापाण्याचं काहीतरी बोलले होते.

दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन. ‘मॅडम, मग फायनल ना?’ मी म्हटलं, ‘अड्ड बंतु.’ आडवं आलं; बंतु म्हणजे तोच ‘बंद’, आलं. तुम्ही एकमेकांपासून दूर ठेवलेले दोन्ही शब्द माझ्या तोंडातनं एकदमच बाहेर पडले. तो गोंधळला. ‘एनु अड्ड बंतु, मॅडम?’ काय आडवं आलं? काय सांगणार होते मी त्याला? मामांची बशी? त्यानं पुढच्या आठवड्यापर्यंत वाट बघतो म्हटलं. बघू दे. पुढच्या आठवड्यात मी निपाणीला आहे. बेरिंग नव्हे, अख्खा पंखाच गेलाय, असा मामांचा आत्ता निरोप आला. मार्चनंतर काय, ते मला माहीत नाही. गुडघे अजून वाजतातच.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? तुमच्या घराच्या जागी आता अपार्टमेंट आहे. डक्टला जागा ठेवलेली नाही, मी बघून आले. तेव्हा हे इथंच राहील, कामाच्या नकाशांखाली. फक्त एक कबूल करते, आप्पा, तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून. सकाळी उभी राहिले तेव्हा ‘अड्ड’ हा शब्द माझ्या अगदी ओठावर होता. तो म्हटला असता तर सगळ्यांना एका क्षणात कळलं असतं आणि विषय संपला असता. मी तो गिळला, आणि ‘बंद’ म्हटलं.