गिरणीचं हँडल

मु. पळसवाडी, सेनगावजवळ
श्रावण, शके १८७०

वडीलबंधूसमान व्यंकटराव यांसी उत्तमरावाचा साष्टांग दंडवत. आपला गुडघा, आपली म्हैस आणि आपली बहीण शालू, तिघांचं कुशल कळवावं. (हा क्रम आपल्या तक्रारींचा आहे, माझ्या मनातला नाही.)

सरहद्दीवरची धामधूम तुम्ही वाशिमात बसून ऐकताच. ओढ्याच्या अलीकडे रझाकार, पलीकडे निजामाविरुद्ध लढणारी कॅम्पातली पोरं आणि मधे आमचं गाव. अशात धंदा काढणारा मी वेडा, असं तुम्ही शालूजवळ बोललात म्हणे. पण विचार करा. गावातल्या बायका लेकरं घेऊन माहेरी गेल्या (आमची तुमच्याकडे), घरोघरची दळायची जाती गप्प पडली, आणि मागे उरलेले पुरुष जोंधळ्याच्या पोत्याकडे बघत उपाशी बसले. गिरणी काढायला याहून चांगला मुहूर्त कोणता? हिंगोलीच्या इब्राहीम मिस्त्रीला भागीत घेऊन, आधीच आणून ठेवलेलं जुनं इंजिन बसवलं.

बसवलं, पण सुरू करायचं हँडलच सापडेना. (त्याबद्दल खाली.) शेवटी चाकाला दोर गुंडाळून चौघांनी ओढला. धुराड्यावर रिवाजाप्रमाणे डबडं उपडं घातलं होतं, म्हणजे कुक-कुक आवाज चार गावांत जातो आणि लोक दळण घेऊन येतात. इंजिनानं कुक केलं नाही. लागोपाठ पाच बार काढले आणि डबडं ओढ्यापलीकडे उडवलं. दोन्ही बाजूंना वाटलं, समोरच्यानं तोफ आणली. तासभर आमच्या डोक्यावरून गोळ्या चालत होत्या. मी पिठाच्या पेटीत बसून होतो. घाबरलो मुळीच नाही.

सकाळी रझाकार तोफ शोधत आले. इब्राहीम पट्टा चढवत म्हणाला, "तोफ न्हाई बाबा, गिरणी हाय. जोंधळा आनला काय?" त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण टोळी असो की कॅम्प, दळायला कुणालाच येत नाही. आता सकाळी ते येतात. दुपारी पलीकडची पोरं येतात (पहिल्या दिवशी डबडं परत करायचं निमित्त होतं). बंदुका बाभळीखाली ठेवायच्या आणि दोर ओढायला चार माणसं द्यायची, ही अट मी दोघांनाही घातली आहे.

कुक-कुक ऐकून आमची माणसंही परतू लागली. शेजारची नर्मदाबाई लेकरांसह आली. म्हणाली, "काहून राहू लोकाच्या दारात? गिरनी चालून राहिली, म्हंजी गाव हाय." काल तीन घरांवर चुलीचा धूर दिसला. मी उभा राहून बघत होतो. फार बरं वाटलं.

आपला,
उत्तमराव

ता. क. हँडल शालूच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली आहे. मी धंदा काढू नये म्हणून तिनं जाताना नेलं. कृपया पाठवावं.

ता. क. दुसरा. हँडल गड्याबरोबर पाठवू नये. जिनं नेलं तिनंच आणावं. गुरुवारी इब्राहीमची गाडी सरहद्दीच्या नाक्यावर उभी राहील.

ता. क. तिसरा. पेटीत फार घाबरलो होतो. तिला सांगा. आणि हँडल हरवलं असलं तर शोधत बसू नका, तिला रिकाम्या हातानं पाठवा.