‘ने’ असं ऐकू येणारं गाणं

३ मार्च

चि. घुबडीस,
अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी दूध तापत होतं म्हणून मी केर अर्धाच काढून ओट्याशी उभी होते. ठमी भिंतीला पाय लावून पलंगावर आडवी, आणि तुझ्याशी फोनवर भांडण चालू. त्या कोरियन पोरांच्या पहिल्या गाण्याला तू साडेसात दिलेस आणि दुसऱ्याला नऊ, हे तिला सहन होत नव्हतं. मी म्हटलं, मेल्यांनो, भाषा कळत नाही तर गुण कसले देता? ती म्हणाली, आई, भाषा कळली तर पक्षपात होईल. तेवढ्यात दूध उतू गेलंच. विशेष काही नसलेली सकाळ, म्हणूनच डोक्यातून जात नाही.

ती गेल्यावर तिच्या जागी तू मला परीक्षक नेमलंस, तर काम चोख करते. या खेपेची तिन्ही गाणी वीसेक वर्षांपूर्वीची म्हणालीस. पहिलं, पाच पोरांचं: सहा. फार घाईत गातात, जशी काही खाली गाडी खोळंबलीय. दुसरं, त्या बाईचं संथ गाणं: साडेआठ. रडते, पण केस नीट विंचरून रडते. मला पटलं. तिसरं, ज्यात तो काहीतरी विचारतो आणि मागच्या पोरी उत्तर देतात, त्याला शून्य. तसलं पुन्हा पाठवू नकोस.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, लिहायला कशाला हवं?

तुझी मावशी

११ मार्च

ती. मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शून्य? ठमीताईने आणि मी भांडभांडून नियम केले, त्यात शून्याची सोयच नाही. एका गाण्यात मधेच कुत्रा भुंकतो, त्यालाही ताईने दोन दिले होते. कुत्र्याचे.

शिवाय तिसरं गाणं तिचं लाडकं. पाठवू की नको करत शेवटी पाठवलं. आई म्हणते, तुझं अक्षर शेवटच्या ओळींत हललंय. काय झालं ते खरं सांग. ‘काही नाही’ असं लिहिलंस तर सरळ येऊन राहीन, आणि मी घोरते हे तुला ठाऊक आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी घुबड

१८ मार्च

चि. घुबडीस,
आशीर्वाद.

सांगते. एकदाच.

त्या गाण्यात पोरी उत्तर देतात ते मला ‘ने, ने’ असं ऐकू येतं. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी मी ठमीला विचारलं होतं, घरी जाऊन आंघोळ करून येऊ का. तिने डोळे न उघडता म्हटलं, ने. एवढंच. म्हणजे मला ने, घरी ने. नर्सबाई म्हणाल्या, आज हलवता येणार नाही. मी तिच्या कानाशी म्हटलं, उद्या नेते, आणि निघाले. परत आले तेव्हा ती नव्हती.

तेव्हापासून नळ सोडला तरी ‘ने’ ऐकू येतं. बांधणीच्या दुकानात पुस्तकांचे कागद दुमडते, तिथेही घडीवर हात फिरवला की तेच. दुमडता दुमडताच मी वाचायला शिकले, दुःखावरची पुस्तकंही वाचून झाली. तुझे काका गेले तेव्हा ती उपयोगी पडली होती. लेक ‘ने’ म्हणाली आणि आईने नेलं नाही, यावर कुणी काही लिहिलेलं नाही.

आता गाणी नकोत. तू मात्र माझीच आहेस.

मावशी

२५ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार.

पत्र वाचून मी आणि आईने ते गाणं पुन्हा लावलं.

मावशी, कोरियन भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. मोठ्या माणसांशी बोलताना म्हणायचा, मानाचा ‘हो’. त्या गाण्यात तो विचारतो, थांबशील का, आणि पोरी म्हणतात, हो, हो. आम्हाला एवढा एकच शब्द येत होता, त्यामुळे तो आम्ही झिजवला. तू हाक मारलीस की ताई फोन बाजूला धरून तोंडातल्या तोंडात म्हणायची, ने. तुला तो ‘हं’ वाटायचा आणि तू म्हणायचीस, नुसतं हं काय करतेस, ऊठ.

मी तिथे नव्हते, तेव्हा शपथ घेणार नाही. पण तू विचारलंस, जाऊन येऊ का. त्यावर ती ‘ने’ म्हणाली.

तुझ्या मायेचा माझा वाटा तसाच ठेव.

घुबड

३ एप्रिल

चि. घुबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं त्या दिवशी उत्तर लिहायला बसले आणि जमलं नाही. तू माझं मन राखायला रचून सांगतेस असंही वाटलं. मग आठवलं, तुला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही.

ती काय म्हणाली ते आता कुणालाच कळायचं नाही. ‘ने’ अजून ऐकू येतं. पण आधी फक्त तिचा शब्द यायचा. आता त्याच्या आधी माझा प्रश्न ऐकू येतो, जाऊन येऊ का. एवढा फरक पडला.

तिची कपड्यांची पिशवी दवाखान्यातच राहिली होती. घेऊन जा म्हणून दोनदा निरोप आला, माझा पाय निघत नव्हता. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, कामावर जायच्या आधी, मी तिथे गेले आणि पिशवी घरी आणली.

मावशी