ह्यांना चालत नाही

सदाशिव पेठ, पुणे ३०
मंगळवार

तीर्थस्वरूप हिंदुरावदादांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली वाकलं की कंबरेत उसण भरते, तेव्हा तो कागदावरच घडला असं समजावं.) आपली प्रकृती ठीक असेलच. आनंदीवहिनींचा गुडघा ऑपरेशननंतर व्यवस्थित वाकू लागला आणि परवा त्या स्वतःच्या पायांनी गोठ्यापर्यंत जाऊन आल्या, असं कळलं. आनंद झाला. म्हशीलाही झाला असेल. घरात फोन असताना हा माणूस पत्र काय लिहीत बसला, असं आपण म्हणाल. त्याचं असं आहे, आपला फोन कायम स्पीकरवर असतो. आपण "हां, बोला पाव्हणं" म्हणालात की पाठोपाठ घरातल्या सगळ्यांचं, आणि माझ्या अंदाजाने शेजारच्या दोघातिघांचंही, "बोला, बोला" ऐकू येतं. मला जे सांगायचं आहे ते एकट्या आपल्यासाठी आहे. कृपा करून मनात वाचावं.

आमची ही, म्हणजे आपली मैना (लग्नात आम्ही तिचं नाव पद्मजा ठेवलं होतं, ते आपल्याकडे कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही), वहिनींच्या मदतीला म्हणून लोणीला आली त्याला महिना कधीच उलटून गेला. तिने लवकर यावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. माहेर आहे तिचं, राहू दे. इकडे माझं उत्तम चाललं आहे. ते उत्तम म्हणजे नेमकं कसं, एवढं आपल्या कानावर घालावं म्हणून पुढचा मजकूर.

आमच्या इमारतीत मी एक भयंकर माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, मी सोडून. ही गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोरच्या सुहासिनीबाईंनी बेल वाजवली. दार मी उघडलं तशा त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या. त्या हार्मोनियमचे क्लास घेतात. घरात रंगकाम काढलं होतं, तेव्हा चार दिवस मुलांना कुठे बसवावं हा प्रश्न त्या हिच्यापुढे मांडायला आल्या होत्या. "पण तुम्हाला काही चालायचं नाही, मी आपलं सहज म्हटलं," असं म्हणून त्या वळल्यासुद्धा. मी म्हणालो, "चालेल की." हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला देव जाणे. सुहासिनीबाईंनी कठडा धरला. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पेट्या मांडल्या गेल्या, आणि श्रोता म्हणून मला सोफ्याच्या कोपऱ्यात बसवण्यात आलं. मुलं चुकली की मी "वा" म्हणतो. बरोबर आली तर काय म्हणायचं, तो प्रसंग अजून आलेला नाही. रंगकाम संपून आता तिथे पडदेसुद्धा लागले, क्लास मात्र आमच्याकडेच आहे, कारण मुलांना काकांची सवय झाली म्हणे.

ही बातमी जिन्याने खाली गेली. दिगंबरराव (तळमजला, निवृत्त, अत्यंत सभ्य) येऊन म्हणाले, की जिन्याखालची आपली जागा रिकामीच दिसते, स्कूटर लावली तर चालेल का? चालेल. मग मंडळाचा बजरंग आला. पावसात पथकाचे ढोल भिजतात, भिजले की आवाज बसतो, काकूंना विचारायची कधी हिंमत झाली नाही, पण काका, तुमच्याकडे कोरडी जागा आहे. हेही चाललं. आज आमच्या घरात मी, पेट्या आणि ढोल असे राहतो. सकाळी चहाचा कप मी ढोलावर ठेवतो आणि बजरंग येऊन, काका, पान (म्हणजे ढोलाचं कातडं) खराब होईल, म्हणून तो उचलून माझ्या हातात देतो. घर माझं असलं तरी बजरंगचंही बरोबरच आहे.

आता आपण विचाराल की एवढी वर्षं ही मंडळी कुठे होती? दादा, ती सगळी दाराबाहेरच होती. आपली बहीण दार वीतभर उघडायची, मागे वळून माझ्याकडे एकदा बघायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "माझं काही नाही हो, पण ह्यांना चालत नाही." मी आत वाटाणे सोलत बसलेलो असायचो. माझं नाव निघालं म्हणून मान वर करायचो. माझा चष्मा फक्त जवळचं वाचायचा. लांबचं दिसायला मला कपाळाला आठ्या घालाव्या लागतात. समोरचा माणूस त्या आठ्या बघायचा आणि तिच्याकडे दयेने पाहून निघून जायचा. वर्गणी, क्लास, सोसायटीचं चेअरमनपद, नातेवाइकांची उन्हाळ्यातली मुक्कामाची टोळी, सगळं तिने माझ्या ह्या आठ्यांवर परतवलं. (तशी मीही तिची परतफेड करत होतो. ऑफिसात कुणी पार्टीला ओढू लागला की "घरी विचारावं लागेल" म्हणून मी असा काही चेहरा करायचो, की निवृत्तीच्या समारंभाला ही माझ्याबरोबर आली तेव्हा आमचे साहेब चटकन उठून उभे राहिले.)

हे सगळं मला कसं उमगलं, तर दिगंबररावांमुळे. "स्वतःला ओळखा" असं एक शिबिर होतं, ज्येष्ठांसाठी. चला, म्हणाले. आता मी नाही कसं म्हणणार? ते सांगायला दारात कुणीच नव्हतं. तिथे कॉलरला माइक लावलेला एक तरुण होता. त्याने प्रत्येकाला आरशासमोर उभं केलं आणि स्वतःविषयी मनाच्या तळातून काय येतं ते बोला म्हणाला. मी उभा राहिलो. बराच वेळ तळातून काहीच आलं नाही. मागे रांग चुळबुळायला लागली तसं मी म्हणालो, "मला तिखट चालत नाही. मला गोंगाट चालत नाही. मला राग फार येतो." टाळ्या पडल्या. इतकी आत्मजाणीव ह्या वयात दुर्मीळ, असं तो तरुण म्हणाला. मी खाली येऊन बसलो आणि मग माझ्या डोक्यात आलं, की अरेच्चा, ही तिन्ही वाक्यं तर हिची आहेत!

मग परत येताना एकटाच एका हॉटेलात शिरलो आणि मिसळ मागवली. दादा, आपल्याला आपल्याकडचा माझा पहिला आखाड आठवत असेल. नवा जावई म्हणून मटणाचा बेत होता, पहिल्याच घासाला मला ठसका लागला, आणि पंगतीत ही पटकन म्हणाली, "ह्यांना तिखट चालत नाही." तेव्हापासून दर आखाडात आपण सगळे झणझणीत रस्सा ओरपता आणि माझ्यापुढे अळणीची वाटी येते. अहो, ठसका बोलताना लागला होता! पण तेव्हा मी नवा होतो, बायको आपली बाजू घेते आहे ह्याचंच मला भारी कौतुक वाटलं. पुढे मलाही वाटायला लागलं, की नसेलच चालत. तर त्या दिवशी मी मिसळ खाल्ली, वर सँपल, म्हणजे मिसळीचा नुसता तिखट रस्सा, मागून घेतलं, ते प्यालो, नाक पुसलं आणि पुन्हा सँपल मागितलं. काही झालं नाही. उलट इतकं बरं वाटलं की शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला मी "छान आहे, नाही?" असं विचारलं. (त्याने "मिसळ आहे" एवढंच उत्तर दिलं. पेठेतलाच असावा.) गोंगाटाचं तर काय, पेट्यांच्या सुरात मला रोज सोफ्यावर डुलकी लागते. राहिला राग. तो तपासायला मी मुद्दाम दिगंबररावांच्या स्कूटरवरून भांडायला खाली उतरलो. स्कूटर सुरू होत नव्हती. शेवटी मी ती कोपऱ्यापर्यंत ढकलून दिली आणि धापा टाकत वर आलो.

म्हणजे मी मऊ माणूस आहे, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष घेऊन त्या रविवारी मी आपल्याकडे आलो. आपण तिथे होतातच, पण माझ्या खुर्चीतून ते कसं दिसत होतं, ते सांगतो. मी अंगणात पाऊल टाकलं तर ही ओसरीवर खाटेवर आडवी पडून भुईमुगाच्या शेंगा खात होती. टरफलं खालीच. पोरांपैकी कुणी म्हणालं, आत्या, गाणी लावू का, तर ही म्हणाली, "लाव की, चालतंय!" आणि कशावर तरी खदखदून हसली. चालतंय! दादा, मी हिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तेवढ्यात तिने मला पाहिलं. ती उठून बसली, पदर सारखा केला, टरफलं गोळा केली आणि म्हणाली, "अरे, बंद करा ते, ह्यांना गोंगाट चालत नाही." मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मैना आत गेली आणि पद्मजा पाणी घेऊन आली, असं काहीसं झालं.

आणि मग मी काय केलं, ते आपण पाहिलंत. मुलं चिडीचूप भिंतीला लागून बसली, वहिनींनी बिनसाखरेचा चहा पाठवला (हेही चालत नाही, असं कधी ठरलं?), आपण स्वतःच्या ओसरीवर तंबाखू लपवलीत. सगळं घर माझ्या रागाची वाट बघत होतं. एवढी मंडळी ताटकळली असताना माणूस किती वेळ नुसता बसणार? अंगणातला नळ ठिबकताना दिसला आणि मी ओरडलो. पाणी, शिस्त, तरुण पिढी, सगळ्यावर बोललो. गंमत म्हणजे राग खरा होता. पेठेत स्कूटर ढकलणारा तो मी, आणि लोणीत नळावर ओरडणारा हा मी. ह्यातला कोणता माझा, हे मला अजून सांगता येत नाही. ज्या घरात बसावं तिथल्या माणसांनी जो पाट मांडलेला असतो, त्यावर आपण बसतो, एवढंच म्हणता येईल. शिबिराच्या त्या तरुणाला हे कळवणार होतो, पण तो पुन्हा टाळ्या वाजवेल.

त्या दिवशी मी खरं तर हिला न्यायला आलो होतो. शब्द ठरवून आलो होतो. पण चहा संपतो न संपतो तोच ही आपल्याला म्हणाली, "ह्यांना अंधार पडायच्या आत घरी पोचलेलं बरं वाटतं." झालं. आपण लगेच पोराला मोटारसायकल काढायला लावलीत, आणि उन्हं असतानाच मी हायवेवर बसस्टॉपवर उभा होतो. माझ्या स्वभावानेच मला परत पाठवलं, तक्रार कुणाकडे करू? बसमध्ये विचार केला. तिथे तिला दाराशी उभं राहून कुणाला नाही म्हणावं लागत नाही. चालतंय म्हणता येतं, शेंगा खाता येतात. मग तिला तिथून उठवून पुन्हा ह्या दारात उभं करणं बरोबर आहे का? मला काही नक्की ठरवता आलं नाही. तेव्हा वर लिहिलं तेच खरं. हवं तितकं राहू दे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि नळ दुरुस्त झाला नसला तरी चालेल.

आपला नम्र,
श्यामसुंदर

ता. क. : वरचा शेवटचा परिच्छेद मी ढोलांच्या मधे बसून मोठ्या मनाने लिहिला. आता सकाळ झाली आहे, आणि बजरंग सांगून गेला की ताशेसुद्धा येणार आहेत. तेव्हा स्पष्ट लिहितो. तिला पाठवा. 'जा' म्हणून ती जायची नाही, कुणाच्या सांगण्यावरून ती आजवर हललेली नाही. आपण फक्त तिच्या देखत म्हणा, "पाव्हणं रागावलं असतील." मग तीच म्हणेल, "हो बाई, ह्यांना राग फार," आणि पिशवी भरायला घेईल. राग मी इकडे तयार ठेवतो. इथे आल्यावर ओसरीसारखी खाट गॅलरीत टाकायची व्यवस्था केली आहे. टरफलं मी उचलेन.

ता. क. दुसरा : आखाड तोंडावर आला आहे. या वेळी मला रस्सा वाढावा. पण ही वाढपात असेल तर अळणीच द्यावं. तिला उगीच खोटं पाडायला नको.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ताच आनंदीवहिनींचा फोन आला. (स्पीकरवरच. मागे म्हैस ऐकू आली.) म्हणाल्या, "दाजी, मैनावन्सं रोज जेवायला बसल्या की म्हणत्यात, ह्यांना माझ्यावाचून करमत नाही, पण सांगायचे नाहीत. खरं हाय का?" मी फोनवर गुडघ्याची चौकशी केली, मागे फार माणसं होती. असं मी तिला आजवर कधीही म्हटलेलं नाही. पण इतक्या वर्षांचा अनुभव असा, की माझ्याविषयी ती जे म्हणाली ते होत गेलं. तिखट सुटलं, राग आला. तेव्हा हेही झालं आहे. करमत नाही. पत्र मनात वाचा म्हणून सुरुवातीला लिहिलं होतं, पण एवढा ता. क. तिला मोठ्याने वाचून दाखवा. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.